७४९ रुपयांचं किट आणि सराफाचा काटा

कागद शिवायचं मला कुणी काय शिकवणार, या गुर्मीतच मी ते किट उघडलं. महसूल खात्यात ३१ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बारा रेकॉर्ड रूममध्ये. टोच्यानं भोक पाडायचं, दाभणात दोरा ओवायचा, फाईल आवळायची, गाठ मारून मोकळं व्हायचं. अशा हजारो फाईली शिवल्या असतील. त्यामुळं खोक्यावरचं ‘कागदावर भरतकाम करा, स्वतःच्या हातानं शुभेच्छापत्रं बनवा’ वाचून मला हसूच आलं. आठवड्याभरात ते हसू जिरलं.

किट खरं तर माझ्यासाठी नव्हतंच. लेक छत्रपती संभाजीनगरला असते, तिनं आईसाठी ऑनलाइन मागवलं होतं, ७४९ रुपयांना, घरपोच. आमच्या हिनं एकेकाळी लातुरात शिवण क्लास चालवलेला. साखळी टाका, गाठीचा टाका, काजं, सगळं बोलता बोलता करते. तिनं खोकं उघडलं, एक कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाली, “कागदाला काय सुई लावायची? कापड संपलं का जगातलं?” झालं. खोकं टीव्हीखालच्या कप्प्यात गेलं. तिथून ते मी काढलं, पावसाळ्यातल्या एका दुपारी, लाइट गेलेली असताना.

कंपनीचं नाव देत नाही. या धर्तीची किटं बरीच मिळतात, कुठलंही घेणाऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. आत काय निघालं ते सांगतो. घडीची आठ कार्डं, तेवढेच लिफाफे, आठ छापील नमुने, लाकडी मुठीचा बारीक टोच्या, फोमची छोटी गादी, दोन सुया, बारा रंगांचे दोरे (त्यातला एक सोनेरी), चिकटपट्टीचं रीळ आणि एक इंग्रजी पत्रक. पत्रकातलं अक्षर मुंगीएवढं. ते वाचायला मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं आणि वाचून झाल्यावर कळलं, की त्यात निम्मी जागा ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ यातच गेलीय.

रीत सोपी आहे. गादीवर कार्ड उघडून ठेवायचं, त्यावर नमुना, आणि नमुन्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून टोच्या सरळ उभा दाबायचा. सगळी भोकं आधी पाडून घ्यायची. मग नमुना काढून टाकायचा आणि सुईनं भोकांतून दोरा फिरवायचा. गाठ मारायची नाही, कारण गाठीचा उंचवटा पुढच्या बाजूला दिसतो. दोऱ्याचं टोक मागं चिकटपट्टीनं बसवायचं. शेवटी आतून एक पातळ कागद चिकटवला की मागची बाजू झाकली जाते आणि लिहायला जागाही होते.

एवढंच. पण कापडाची सवय असणाऱ्याला पहिला दणका इथंच बसतो. कापडावर टाका चुकला तर उसवायचा, नखानं दोनदा घासलं की भोक बुजतं, कापड विसरून जातं. कागद विसरत नाही. एकदा टोचलं ते टोचलं. माझ्या खात्यात याला खाडाखोड म्हणायचे आणि तिच्यावर सही घ्यावी लागायची. इथं सही कुणाची घेणार? म्हणून टोचण्याआधी नमुना कार्डावर दोन ठिकाणी क्लिपेनं पक्का करा. पहिल्या कार्डाला मी केला नाही. नमुना अर्ध्यात केसभर सरकला आणि गणपतीची सोंड कानाला जाऊन मिळाली.

दुसरं कार्ड कमळाचं. यात माझी काही चूक नव्हती, हे मी आजही कुणापुढंही सांगायला तयार आहे. पाकळीच्या कडेनं ठिपके इतके दाट दिलेले, की पट्टी लावून पाहिलं तर दोन भोकांत दीड मिलीमीटर. टोचून झालं तोवर ठीक. टाके घालताना दोरा जरा ओढला आणि पाकळीची पाकळी टरकन सुटून आली, पोस्टाचं तिकीट फाडल्यासारखी. तिकिटाला भोकं असतात ती फाटण्यासाठीच असतात, हे नमुना काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

ही शेजारून बघत होती. म्हणाली, “अहो, केवढी जाड सुई कागदात घालायलाव, फाटंल नाही तर काय होईल!” मग तिनं तिच्या डब्यातली १० नंबरची सुई काढून दिली. सुईचा नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, हे मला साठीनंतर कळलं. किटातल्या दोन्ही सुया जाड, नेढं मोठं, टोच्यानं पाडलेलं भोक त्या आणखी रुंद करतात. सुई भोकातून अलगद गेली पाहिजे, भोक पाडत जाता कामा नये. हा एक बदल केला आणि निम्मा त्रास कमी झाला.

निम्माच. कारण कार्ड तरीही लवचिक लागत होतं, घडीवर तर कागदाला पांढरे तडे गेले होते. खोक्यावर लिहिलेलं ‘२५० जीएसएम’. बारा वर्षं कागदात काढलेल्या माणसाच्या बोटांना ते पटेना. आमच्या बिल्डिंगमध्ये खाली सराफाचं दुकान आहे. एक कोरं कार्ड घेऊन गेलो आणि शेटजींना म्हटलं, जरा काट्यावर ठेवा. त्यांना वाटलं, आत काही आहे.

हिशोब असा आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचा कागद चौरस मीटरच्या बरोबर सोळाव्या भागाएवढा असतो. म्हणजे २५० जीएसएमचा एक ए-फोर १५.६ ग्रॅम भरायला पाहिजे. किटातलं कार्ड घडी उघडली की त्याच्या निम्मं, म्हणजे ७.८ ग्रॅम व्हायला हवं होतं. काट्यावर आकडा आला ५.६. उलटा भागाकार केला तर १८० जीएसएम. शेटजींनी चौकशी केली, “कशाचं वजन करायलाव, मास्तर?” मी मास्तर नाही, पण लातुरात चष्म्यावाल्या म्हाताऱ्याला मास्तरच म्हणतात. म्हटलं, थापेचं.

कंपनीला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं, ‘प्रिय ग्राहक, खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा.’ पुढं मी लिहिलं नाही.

आता ज्याचं चांगलं त्याचं चांगलं म्हणतो. टोच्या अव्वल आहे. टोक बारीक, मूठ तळहातात नीट बसते, शेकडो भोकं पाडून झाली तरी टोक वाकलेलं नाही. नोकरीत असं हत्यार मिळालं असतं तर मी ते घरी घेऊन गेलो नसतो, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आठपैकी तीन नमुने खरंच सुरेख आहेत, नुसत्या सरळ टाक्यांतून वळणं उभी करणारे. फोमची गादी मात्र पातळ, टोच्या आरपार जाऊन टेबलाला लागतो. मी तिच्याखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घातला. रंगीत दोरे बरे. सोनेरी दोरा म्हणजे मनस्ताप, चौथ्या टाक्याला त्याची झिलई सुटून नुसतं पांढरं सूत हातात राहतं. जरीचा दोरा वापरायचाच असेल तर वीतभरच घ्यावा आणि हळू ओढावा, ही हिची सूचना. मी तो टाकूनच दिला.

आणि ती चिकटपट्टी. तिच्याबद्दल मला राग आहे आणि तो जुना आहे. रेकॉर्ड रूममध्ये कुणीतरी कधीतरी फाटलेल्या सातबाऱ्याला प्रेमानं चिकटपट्टी लावलेली असायची. वीस वर्षांनी पट्टी गळून पडलेली आणि तिच्या जागी कागदावर तेलकट पिवळा डाग, त्याखालचं अक्षर गेलेलं. शुभेच्छापत्र कुणी जपून ठेवावं असं वाटत असेल तर त्याच्या पोटात हे असलं काही भरू नका. आमच्याकडं गव्हाच्या पिठाची खळ असायची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. घरी मी तेच केलं. घट्ट खळ, तिच्यावर बोटाच्या पेराएवढी पातळ कागदाची पट्टी, आणि दोऱ्याचं टोक तिच्याखाली. खळ पातळ झाली की कार्ड सुरकुततं, म्हणून लावल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवायचं. मोरचूद विषारी आहे, हात धुवा आणि भांडं स्वयंपाकाचं घेऊ नका. मी घेतलं होतं. त्याबद्दल घरात जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

किटातले नमुने संपवायच्या आधीच मी ते बाजूला ठेवले आणि स्वतःचा काढायला बसलो. लातूरकराला गोल आणि त्याला फुटलेले रस्ते म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढं येते. गंजगोलाई. मधे जगदंबेचं देऊळ आणि भोवतालच्या गोलाला येऊन मिळणारे १६ रस्ते. कंपासनं चार सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, कापलं, लागोपाठ चार वेळा निम्म्यात घडी घातली. उघडलं की १६ भाग तयार, कोनमापक लागत नाही. प्रत्येक घडीच्या टोकाला एक भोक.

आता पहिल्या भोकातून वर यायचं आणि आठव्यात खाली जायचं, म्हणजे सात घरांचं अंतर. मागच्या बाजूनं शेजारच्या भोकात सरकायचं आणि पुन्हा समोर सात घरं. असं करत १६ रेघा झाल्या की १६ टोकांची चांदणी होते आणि तिच्या मधोमध, आपण काहीही न काढता, दीड सेंटीमीटरचा एक गोल मोकळा राहतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हिला हाक मारली. “देऊळ बघ,” म्हटलं. ती पदराला हात पुसत आली, बघितलं, आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

मग नादच लागला. चार घरांचं अंतर घेतलं तर चांदणी होत नाही, चार सुटे चौकोन एकमेकांवर बसतात. सहाचं घेतलं तर आठ-आठ टोकांच्या दोन चांदण्या. तीन, पाच, सात घेतलं तरच सगळी १६ टोकं एका चांदणीत येतात. शेजारी गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी चहाचा कप खाली ठेवून कारण सांगितलं: १६ ला आणि त्या आकड्याला एकापेक्षा मोठा सामाईक विभाजक नसला तर साखळी तुटत नाही. त्यांनीच हेही सांगितलं, की सरळ दोऱ्यांतून वक्ररेषा उभी करायची ही रीत मुलांना भूमिती शिकवण्यासाठी मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) या बाईंनी वापरली. कार्डाला भोकं पाडून दोरा फिरवत मुलांच्या बोटांना आधी वक्र कळू द्यायचा, सूत्र नंतर. त्यांचे काका जॉर्ज एव्हरेस्ट, भारताचे सर्व्हेअर जनरल, ज्यांचं नाव शिखराला आहे ते. म्हणजे बाई आमच्या मोजणीवाल्यांच्याच घरातल्या निघाल्या. मला एकदम जवळचं वाटलं.

दोऱ्याचा हिशोबही करून ठेवलाय. अँकरची लडी आठ मीटरची, तिच्यात सहा पदर असतात. कागदाला दोन पदर पुरे, म्हणजे एका लडीतून २४ मीटर. गंजगोलाईच्या एका कार्डाला मागच्या सरकण्यासकट दीड मीटर लागतो. एका लडीत १६ कार्डं. एका वेळी अर्ध्या मीटरपेक्षा लांब दोरा घेऊ नका, कागदाच्या भोकाची कड कापडापेक्षा खरखरीत असते, दोरा घासून केसाळ होतो.

आता कागदाचं सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम मराठवाडाभर निघालं तेव्हा मी निवृत्त झालेलो, पण कुठला गठ्ठा कुठल्या मांडणीत हे विचारायला फोन यायचे. दोनदा जाऊन आलो. निजामकाळातले काही उर्दू आणि मोडी कागद हाताच्या कागदावरचे. कडा खाल्लेल्या, पण घडी उघडली तर मऊ, कापडासारखे. आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण, सत्तरच्या दशकातले गिरणीच्या कागदाचे ताव हातात धरले तर पापडासारखे मोडायचे. चिंध्यांच्या लगद्यातला सुताचा तंतू लांब असतो, एकमेकांत गुंतून बसतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात तंतू आखूड आणि आत आम्ल राहिलेलं, ते कागदाला आतून खातं.

म्हणून लेकीकडं गेलो तेव्हा जावयांना म्हटलं, वेरूळ नंतर, आधी कागजीपुरा. दौलताबादहून खुलताबादकडं जाताना लागतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, त्या काळापासून तिथं कागद होतो असं सांगतात. चिंध्यांचा लगदा पाण्याच्या हौदात, त्यात जाळीची चौकट बुडवून अलगद वर उचलायची, पाणी निथळून जातं आणि जाळीवर कागद राहतो. त्या ओल्या थराकडं बघताना मला धिरडं आठवलं, उपमा फार थोर नाही पण चपखल आहे.

जाड बघून सहा ताव आणले. घरी आल्यावर पहिली परीक्षा त्याच कमळाच्या नमुन्याची, दीड मिलीमीटरवाल्या. टोचलं, शिवलं, मुद्दाम जरा ओढूनही पाहिलं. पाकळी जागची हलली नाही. तरी नवशिक्यानं भोकांत तीन मिलीमीटर तरी सोडावेत, हे माझं मत कायम. या कागदाचे तोटेही आहेत. जाडी सगळीकडं सारखी नसते. शाईचा पेन वापरला तर अक्षर पसरतं, बॉलपेननं लिहावं. रंग पांढराशुभ्र नसतो, मळकट दुधासारखा असतो, आणि काही जणांना ते जुनं वाटतं. कडा ओबडधोबड येतात, त्या कापू नका एवढी हात जोडून विनंती.

हातकागद मिळाला नाही तर कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानातून खरा २५० जीएसएमचा कार्डशीट घ्या. शंका आली तर सराफ आहेच.

दसऱ्यासाठी आपट्याचं पान केलं. दोन पाकळ्यांचं पान, देठाशी एका बिंदूतून पंख्यासारख्या फुटणाऱ्या शिरा, दोऱ्यासाठीच जन्माला आल्यासारखं. पण देठाचं एकच भोक ठेवून त्यातून ११ दोरे काढायला गेलो आणि सातव्या दोऱ्याला भोकाचं बीळ झालं. मग देठाशी चार भोकांची लहानशी कमान केली आणि प्रत्येकातून दोन-तीनच दोरे सोडले. लांबून बघणाऱ्याला ते एकाच बिंदूतून निघाल्यासारखे दिसतात. रंग पिवळा घेतला, सोनेरीच्या वाटेला परत गेलो नाही.

नऊ कार्डं पोस्टानं पाठवली. हातकागदाचं कार्ड, आतला पातळ कागद आणि लिफाफा मिळून १६ ग्रॅम भरलं (पुन्हा शेटजी), म्हणजे २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसलं. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, यावर शिक्का जरा बेतानं मारा, आत दोरा आहे. ती म्हणाली, “आजोबा, दोरा पाठवायलाव का राखी?” महिना आश्विन होता. किटातले लिफाफे यात वापरता आले नाहीत. ते कोऱ्या कार्डाच्या मापाचे आहेत, शिवलेलं आणि आतून कागद लावलेलं कार्ड त्यात घुसत नाही. हे बनवणाऱ्यानं स्वतः एक तरी कार्ड शिवून लिफाफ्यात घालून पाहिलं होतं का, हा माझा साधा प्रश्न आहे.

एक कार्ड आमच्या ऑफिसातल्या मामांना पाठवलं. ते माझ्याआधी तीन वर्षं निवृत्त झाले, आता औशाकडं गावी असतात. गठ्ठे लाल रुमालात बांधायचं काम त्यांचं, आणि माझी गाठ सैल असली तर मला न सांगता ती सोडून परत मारायचे. चार दिवसांनी फोन आला. “साहेब, पान भारी केलाव. पर मी आतला कागद सोडवून मागं बगितलो.” म्हटलं, मामा, तो चिकटवलेला होता! “व्हय, पर बगावं लागतंय की. मागं सपाट हाय. खळ लावलाव का?” लावली म्हटलं. “मोरचूद घातलाव?” घातला म्हटलं. “मंग टिकतंय,” म्हणाले आणि पावसाचं विचारायला लागले.

किटाला पाचपैकी अडीच. दोन टोच्या आणि त्या तीन नमुन्यांचे, अर्धा रंगीत दोऱ्यांचा. ७४९ मला महाग वाटतं. टोच्या, १० नंबरच्या सुया, दोन-तीन लड्या आणि चांगला कार्डशीट सुटा घेतला तर याच्या निम्म्यातही भागतं. माझं तसंच भागतंय. ही आता टाके घालायला बसते, पण टोचणं माझ्याकडंच ठेवलंय तिनं, हात दुखतो म्हणते. किटातली तीन कार्डं अजून कोरी आहेत, दुधाचा हिशोब लिहायला बरी पडतात.